बिनघोड्याचे पिस्तूल

‘त्याने पिस्तुलाचा घोडा दाबला आणि गोळी सुटली.’ मराठी कादंबरीत, चरित्रात, वर्तमानपत्रात आपण हे वाक्य इतक्या वेळा वाचलेले असते की त्यात काही तपासण्यासारखे आहे असे वाटतच नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगाच्या वर्णनांतही हा घोडा भेटतो. वाक्य मात्र दोन ठिकाणी चुकते. पहिले म्हणजे बोटाने घोडा दाबत नाहीत, चाप ओढतात. घोडा हा वरचा, ठोका देणारा भाग. दुसरे म्हणजे नाशिकला वापरले गेलेले पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते आणि त्या पिस्तुलावर डोळ्यांना दिसेल असा घोडाच नव्हता.

हा शब्दाचा कीस वाटेल. मी शिक्षणाने फिटर, इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. त्यामुळे जुन्या घटनेविषयी वाचताना माझे लक्ष माणसांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या हातातल्या वस्तूंकडे आधी जाते. वस्तू कशी चालते हे कळले की घटनेतल्या काही गाठी आपोआप सुटतात, आणि काही नव्याने पडतात. रत्नागिरीत राहणाऱ्याला हा विषय तसा लांबचा नाही. कान्हेरे मूळचा याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील आयनी गावचा. ज्यांनी ती पिस्तुले लंडनहून धाडली म्हणून शिक्षा झाली ते विनायक दामोदर सावरकर याच गावात तेरा वर्षे स्थानबद्ध होते. आणि पिस्तुलाचा चाप ‘सुधारणे’, हलका करणे, घरच्या घरी घासूनपुसून नीट करणे या उद्योगाचा विचार मी करू लागलो तो याच धाग्याने.

कोंबडा, कुत्रा आणि घोडा

आधी शब्दांचे पाहू. तोड्याच्या बंदुकीत पेटता दोर चिमट्यात धरलेला असे. चाप ओढला की चिमटा खाली येई आणि कानाजवळच्या रंजकेला विस्तव लागे. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यात दोराऐवजी गारगोटीचा तुकडा जबड्यात धरलेला. तो जबडा मागे ओढून ठेवायचा, सुटला की पुढे झेपावून पोलादावर आपटतो आणि ठिणगी पाडतो. हा झेपावणारा, मान ताठ केलेला भाग पाहून प्रत्येक भाषेला कोणता तरी प्राणी आठवला. इंग्रज आणि जर्मन त्याला कोंबडा म्हणाले. फ्रेंच आणि इटालियन त्याला कुत्रा म्हणाले. स्पॅनिश लोकांनी चापालाच मांजराचे पिल्लू म्हटले. आपण आणि हिंदी भाषकांनी घोडा म्हटले. मागचे पाय रोवून उभा राहिलेला आणि सुटला की उधळणारा, हे रूप आपल्याकडे घोड्यालाच शोभणार.

एकोणिसाव्या शतकात गारगोटी गेली आणि तांब्याची टोपी आली. घोडा त्या टोपीवर आपटू लागला. कोकणात अजून दिसणारी ठासणीची बंदूक ती हीच: तोंडाकडून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची, घोडा चढवायचा. त्यानंतर दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी नळीत बसली, म्हणजे काडतूस आले. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांच्या संगतीने मराठीत आले. वस्तू समुद्रावरून आली, नाव बरोबर घेऊन आली. ‘घोडा’ मात्र आपला स्वतःचा आणि म्हणूनच तो इतका चिवट ठरला. बंदुकीवरून घोडा नाहीसा झाला तरी भाषेतून गेला नाही.

घोडा दिसणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हती. घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे बंदूक धरणाऱ्याला दिसते आणि समोरच्यालाही दिसते. शस्त्र तयार आहे की नाही याची ती उघड खूण होती. घोडा चढवणे ही स्वतंत्र कृती होती. तिला अंगठा लागे, थोडा जोर लागे आणि एक क्षण लागे. म्हणजे चाप ओढण्याआधी माणसाला एकदा ठरवावे लागे.

ब्राउनिंगची युक्ती

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा, बंदुका बनवणाऱ्याचा मुलगा. १८९७ मध्ये त्याने बेल्जियममधल्या हेर्स्टाल येथील फाब्रिक नासिओनाल, म्हणजे एफएन, या कारखान्याशी करार केला आणि एक खिशात मावणारे, स्वतःच भरले जाणारे पिस्तूल त्यांना दिले. १९०० मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते स्वीकारले, त्यावरून त्याला १९०० चे मॉडेल म्हणतात. त्याच्याबरोबर ७.६५ मिलिमीटरचे नवे काडतूसही बाजारात आले. दस्त्यात सात काडतुसे मावत.

या पिस्तुलाची आतली रचना समजून घेण्यासारखी आहे. गोळी सुटली की धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी नळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस आत ढकलते. स्लाइडला पुन्हा पुढे आणायला स्प्रिंग लागते. ब्राउनिंगने ही स्प्रिंग नळीच्या वर ठेवली आणि तिच्याकडून दुसरेही काम करून घेतले: एका तरफेच्या मदतीने तीच स्प्रिंग आतल्या अणकुचीदार दांड्याला पुढे ढकलते. हा दांडा म्हणजे स्ट्रायकर. काडतुसाच्या बुडाला टोचून ठिणगी पाडतो तो हाच. घोडा नाही, हातोडा नाही. ताणलेल्या स्प्रिंगपुढे सरळ रेषेत उभा असलेला एक दांडा, आणि त्याला अडवून धरणारी एक छोटी खिट्टी.

चापाचे काम एवढेच, की खिट्टी सोडवायची. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अंगठ्याने न चढवता नुसता चाप ओढला, तर बोटालाच सगळे काम करावे लागे. चेंबर फिरवायचा, घोडा उचलायचा, स्प्रिंग ताणायची आणि मग सोडायची. बोट लांबवर आणि जोराने खेचावे लागल्याने नळीचे तोंड हलते, नेम चुकतो. नवख्याच्या हातून तर हमखास. ब्राउनिंगच्या पिस्तुलात स्प्रिंग ताणण्याचे काम पहिल्या वेळी हाताने स्लाइड ओढून होते, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी आधीच्या गोळीचा धक्काच ते करून ठेवतो. बोटाकडे उरते ते फक्त ‘सोड’ असे सांगणे. आज ज्याला चाप सुधारणे म्हणतात, त्याचा मोठा भाग ब्राउनिंगने कारखान्यातच उरकून टाकला होता.

त्यालाही उघड खुणेची गरज वाटली असावी. १९०० च्या मॉडेलमध्ये स्ट्रायकर ताणलेला नसला की ती तरफ वर येऊन नेमाच्या रेषेच्या आड येते. ताणलेला असला की खाली जाते आणि नेम मोकळा होतो. म्हणजे घोड्याची जागा एका लहानशा आडकाठीने घेतली. ती फक्त पिस्तूल धरणाऱ्यालाच दिसते, समोरच्याला नाही. डाव्या बाजूला एक कळ असते आणि तिच्या दोन जागांवर फ्रेंचमध्ये दोन शब्द कोरलेले असतात : ‘फ्यो’ म्हणजे आग आणि ‘स्यूर’ म्हणजे सुरक्षित.

पेटीच्या खोट्या तळातून

सरकारने नेमलेल्या रौलट समितीचा १९१८ चा अहवाल सांगतो, की फेब्रुवारी १९०९ च्या सुमारास सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग ऑटोमॅटिक पिस्तुले आणि त्यांची काडतुसे मिळवली, आणि लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी म्हणून काम केलेल्या चतुर्भुज अमीन याच्या सामानातील एका पेटीच्या खोट्या तळात लपवून ती मुंबईला धाडली. अमीन पोचण्याच्या सुमारासच नाशिकमध्ये सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना अटक झाली होती. कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला सेशन्स कोर्टाकडे पाठवणारा अधिकारी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन होता.

१९०९ च्या आरंभी एफएनची तीन पिस्तुले बाजारात होती : १९०० चे ७.६५ मिलिमीटरचे, १९०३ चे मोठे, आणि १९०६ चे खिशातले ६.३५ मिलिमीटरचे. यांतल्या पहिल्यात आणि तिसऱ्यात स्ट्रायकर आहे. दुसऱ्यात घोडा आहे, पण तो स्लाइडच्या आत झाकलेला. म्हणून ‘ब्राउनिंग’ एवढा एकच शब्द कागदावर असला तरी आपले मुख्य म्हणणे ढळत नाही: त्या पेटीतल्या कुठल्याही पिस्तुलाचा घोडा कुणाला दिसला नसता.

जगात त्याच दशकात हे पिस्तूल कुठे कुठे निघाले ते पाहिले की नाशिकची घटना एकटी राहत नाही. जून १९०४ मध्ये हेलसिंकीत ऑयगेन शाउमान याने रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्हवर गोळ्या झाडल्या त्या १९०० च्या ब्राउनिंगमधून. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, म्हणजे नाशिकच्या अवघे आठ आठवडे आधी, हार्बिनच्या रेल्वे फलाटावर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमींना मारले तेही त्याच मॉडेलने. फिन्लंड, कोरिया, महाराष्ट्र. तिन्ही ठिकाणी परकी सत्ता, आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी. आपल्याकडे ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने आली होती. ज्या समाजाच्या हातून बंदूक काढून घेतली जाते त्याच्या हातून तिचा सरावही जातो. अशा सराव नसलेल्या हातांना, खिशात लपणारे आणि बोटाकडून फार थोडे मागणारे यंत्र त्याच वेळी जगात आले. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो.

मदनलाल धिंग्रांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडण्याआधी धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका नेमबाजीच्या गाळ्यावर जाऊन सराव करत होते. पैसे दिले की तिथे कुणालाही लक्ष्यावर गोळ्या झाडता येत, आणि त्या गाळ्याचा चालक पुढे खटल्यात साक्षीला आला. साम्राज्याच्या राजधानीत जे उघडपणे शिकता येत होते, ते साम्राज्याच्या वसाहतीत चोरून शिकावे लागत होते.

विजयानंद नाट्यगृह

आर्थर जॅक्सनची बढतीवर मुंबईला बदली झाली होती. निरोपादाखल किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. जॅक्सन आत येत असताना कान्हेऱ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो जागीच पकडला गेला. वय अठराच्या आसपास. औरंगाबादेत चित्रकला शिकणारा मुलगा. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी दिले गेले.

जॅक्सनला लोक ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्याचा संस्कृतचा अभ्यास होता, इथल्या चालीरीतींविषयी त्याला आस्था होती. त्याच्या मृत्यूनंतर, त्याने जमवलेल्या सामग्रीतून आर. ई. एन्थोव्हेन याने लोकसमजुतींचे दोन खंड सिद्ध केले. पहिला गुजरातचा आणि दुसरा कोकणचा. भुतेखेते, देवचार, पावसासाठीचे नवस, सर्पांविषयीच्या समजुती, गावदेवतांच्या रीती असे कितीतरी या कोकणच्या खंडात नोंदलेले आहे. आमच्या भागातल्या अनेक रीतींची लेखी नोंद शोधायला गेलो तर आजही तिथे जावे लागते. कोकणातल्या आयनी गावच्या मुलाने ज्याला मारले, त्याने कोकणच्या आज्ज्यांच्या गोष्टी गोळा करून ठेवल्या होत्या. यावरून कान्हेऱ्याचा निषेध करावा की साम्राज्याच्या विद्वत्तेकडे संशयाने पाहावे, याची उत्तरे ज्याने त्याने द्यावीत. बाबारावांना कवितांसाठी काळ्या पाण्याकडे नेणारी वाट याच विद्वानाच्या कचेरीतून गेली होती, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरणे अवघड जाते, म्हणून बहुतेक लेखक त्यांतली एक सोडून देतात. मला त्यांतली एकही सोडता येत नाही.

खिट्टी कुणी सोडली?

खटल्याकडे यंत्राच्या नजरेने पाहिले तर न्यायालयापुढचा प्रश्न फिटरच्या प्रश्नासारखाच होता. गोळी सुटते तेव्हा चाप हलतो, चापाने पट्टी हलते, पट्टीने खिट्टी, खिट्टीने स्ट्रायकर. यांतल्या कुठल्या भागाने गोळी सोडली? सगळ्यांनी, आणि तरी बोट एकच. नाशिकला बोट कान्हेऱ्याचे होते. पिस्तूल ज्या हातांतून त्याच्यापर्यंत पोचले ती साखळी मुंबईमार्गे लंडन-पॅरिसपर्यंत जात होती.

सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. मुंबईतल्या विशेष न्यायमंडळाने डिसेंबर १९१० मध्ये कटाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप दिली. नंतर जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या आरोपावर ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप झाली. या दुसऱ्या शिक्षेचा आधारच ती पिस्तुले होती. खुनाच्या दिवशी आरोपी हजारो मैलांवर होता. वीस पिस्तुले पाठवणाऱ्याला त्यांतले कोणते, कुणाच्या हाती, कोणत्या दिवशी उडेल हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पिस्तुले कशासाठी असतात हे ठाऊक असतेच. ‘ताणून ठेवलेली स्प्रिंग’ आणि ‘सोडणारे बोट’ यांत जबाबदारी कशी वाटायची, यावर कायद्याने एक उत्तर दिले. इतिहासाने ते तसेच्या तसे मान्य करावे असे नाही, आणि टाळावे असेही नाही.

अंदमान, मग हिंदुस्थानातले तुरुंग, त्यांत रत्नागिरीचाही. आणि ६ जानेवारी १९२४ रोजी सशर्त सुटका. जिल्ह्याबाहेर जायचे नाही, राजकारण करायचे नाही. राजकीय माणसे ठेवायला सरकारला रत्नागिरी सोयीचे वाटे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच होता. १९३७ पर्यंतच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी अस्पृश्यतानिवारणाची चळवळ केली, पतितपावन मंदिर उभे राहिले आणि भाषाशुद्धीचा आग्रह धरला. महापौर, बोलपट असे कितीतरी शब्द मराठीत रुळले. पिस्तूल आणि काडतूस मात्र होते तिथेच राहिले.

तेल आणि चाकू

घरगुती दुरुस्तीचा मराठी माणसांशी निगडित असा न्यायालयीन नोंदीतला एक प्रसंग आहे. तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नथुराम गोडसे याची सावरकरांशी ओळख रत्नागिरीतच झाली. त्याच्या वडिलांची तेव्हा इथे बदली झाली होती. २० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत, हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत, नारायण आपटे, गोपाळ गोडसे, दिगंबर बडगे आणि त्याचा नोकर शंकर हे दोन रिव्हॉल्व्हर तपासायला गेले. बडगे पुढे माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या साक्षीतून हे बाहेर आले. गोपाळजवळच्या रिव्हॉल्व्हरचा चेंबर फिरेना. दुसऱ्यातून झाडलेली गोळी नेमलेल्या झाडापर्यंत पोचलीच नाही. शंकरला तेलाची बाटली आणि चाकू आणायला परत धाडले. गोपाळ तिथेच बसून रिव्हॉल्व्हर दुरुस्त करू लागला. एवढ्यात जंगलाचे पहारेकरी आले आणि शस्त्रे घाईने झाकावी लागली. त्या संध्याकाळचा बेत फसला.

दहा दिवसांनी नथुरामच्या हातात ग्वाल्हेरहून मिळवलेले इटालियन बेरेटा पिस्तूल होते. कारखान्यातून जसे आले तसे, कुणी चाकू न लावलेले. त्याला घोडा होता, आणि ते चालले. फेब्रुवारी १९४९ मध्ये लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने नथुराम आणि आपटे यांना फाशीची शिक्षा दिली. सावरकर पुराव्याअभावी निर्दोष सुटले. १९११ मध्ये न्यायालयाला साखळीचा दुवा सापडला, १९४९ मध्ये सापडला नाही. मी इथे निकालांची तुलना करत नाही. एवढेच नोंदवतो, की दोन्ही वेळा ‘हे शस्त्र या हातात कसे आले’ हाच प्रश्न खटल्याच्या पोटात होता. आणि एक कडू गोष्टही: त्या सकाळी झाडीत जे बिघडलेले होते ते बिघडलेलेच राहते, आणि नंतरही काही नीट चालले नसते, तर देशाचे दुःख टळले असते. प्रत्येक यंत्र नीट चालावे असे वाटणे हा फिटरचा धर्म. या एका ठिकाणी मला तो धर्म पाळता येत नाही.

चाप हलका करण्याचा मोह

आता आजच्या उद्योगाकडे येऊ. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक हे पिस्तूल निवडले आणि घोडा नसलेली, स्ट्रायकरची पद्धत पुन्हा जगभर पसरली. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण चाप ओढताना बोट देते. त्यामुळे चापाला आधी मोकळी चाल, मग एक अडसर, मग सुटका असे टप्पे जाणवतात. कारखान्याचा चाप सुमारे अडीच किलोचा. कुणाला तो खरखरीत वाटतो, कुणाला लांब, कुणाला जड. मग स्प्रिंगा बदलणे, धातूचे तुकडे चकचकीत करणे असे घरगुती प्रयोग जिथे कायदा मुभा देतो त्या देशांत चालतात. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी नेमके उलटे केले. त्यांनी आपल्या ग्लॉकचा चाप मुद्दाम जड, साडेपाच किलोच्या आसपासचा करून घेतला, कारण गडबडीत नकळत गोळी सुटू नये. पिस्तूल एकच, ‘सुधारणा’ दोन्ही दिशांनी. म्हणजे सुधारणा चापात नसते. आपण कशाला घाबरतो त्यात असते. एकाला नेम चुकण्याची भीती, दुसऱ्याला बोट चुकण्याची.

नेमबाजीच्या खेळाने या दोन भीतींमध्ये सीमारेषा आखली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. नळी उभी धरून चापाला वजन लटकवतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तरच शस्त्र मैदानात येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या पदकामागे हलका चाप नाही. सर्वांना सारखे असलेले ते किमान वजन आहे, आणि ते वजन रोज हजारदा उचलून शहाणे झालेले बोट आहे. मी वजनकाटे दुरुस्त करत आलो आहे. खेळाच्या नियमातला हा लटकता काटा मला फार आवडतो. इतिहासातल्या कुठल्याही पिस्तुलाला तो कुणी लावला नव्हता.

कोकणात हा विषय दुसऱ्या रूपाने घरात असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याच्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. डुकरे, वानर, गवे यांच्यापुढे भातशेती आणि बाग राखणाऱ्या शेतकऱ्याला तो आधार आहे. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत जनावरे शेतात उतरतात ही इथली जुनी तक्रार. अशा बंदुका आज्यापासून नातवाकडे आलेल्या असतात. घोड्याची खाच झिजलेली, स्प्रिंग थकलेली. घोडा चढून राहत नाही, किंवा नुसत्या धक्क्याने उतरतो. मग गावातच कुणाकडे तरी कानस मारून घ्यायचा मोह होतो. झिजलेल्या खाचेवर कानस चालवणे म्हणजे दिवसांचे आयुष्य उरलेल्या दोरीला आणखी पीळ देणे. रात्री रानात गेलेल्या माणसाचा स्वतःच्याच किंवा सोबत्याच्या बंदुकीतून जीव गेल्याच्या बातम्या या जिल्ह्याने पुरेशा वाचल्या आहेत. कायदाही इथे स्पष्ट आहे. पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र बनवणेच नव्हे, तर धंदा म्हणून त्यात बदल करणे, ते दुरुस्त करणे, तपासून पाहणे यालाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडे बंदूक नेणे दूर पडते, खर्चाचे होते, हे मान्य. अशा कारागिरांची संख्या तालुक्यागणिक वाढावी, यासाठी शेतकरी संघटनांनी आवाज उठवायला हवा. कानस हे त्याचे उत्तर नव्हे.

ब्राउनिंगचे ते ७.६५ मिलिमीटरचे काडतूस, ज्याला आपण बोलण्यात ‘बत्तीस बोअर’ म्हणतो, आजही भारतात परवान्याच्या पिस्तुलांसाठी सर्रास वापरले जाते. ‘केएफ’ ही खूण दिसली तर ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीची. चोरून आणलेली वस्तू शंभर वर्षांत सरकारी कारखान्याच्या यादीत जाऊन बसते. वस्तूंना लाज नसते आणि निष्ठाही नसते.

म्हणूनच नाशिकच्या घटनेचे वर्णन अचूक करावे असे मला वाटते. ‘घोडा दाबला’ म्हटले की सगळे एका झेपेत घडल्यासारखे भासते: एक वीर, एक झेप, एक गोळी. ‘चाप ओढला’ म्हटले की प्रश्न उभे राहतात. स्प्रिंग आधी कुणी ताणली होती? बाबारावांना कवितांसाठी दिलेल्या शिक्षेने, शस्त्र काढून घेणाऱ्या कायद्याने, लंडनच्या खोलीत भरलेल्या पेटीने, की नाशिकच्या गुप्त बैठकांनी? बोटाला उरले होते फार थोडे काम, आणि ते एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. त्याने ते स्वतःच्या जिवाची किंमत देऊन केले. समोरच्याचा जीव त्याच्याही आधी गेला. बिनघोड्याचे पिस्तूल पाहून ते ताणलेले आहे की नाही हे समोरच्याला कळत नाही. समाजाचेही पुष्कळदा तसेच असते. इतिहास लिहिणाऱ्याने निदान ती आतली स्प्रिंग उघडून दाखवावी.